पुस्तक पुण्या-मुंबईचं, चूल आपल्या गावची: रेसिपीच्या पुस्तकावरून स्वयंपाक शिकायचा तर

रुखवतात एक तरी रेसिपीचं पुस्तक राहतेच आपल्याकडं विदर्भात. लग्नात चार लोक चाळतात, मग ते दिवाणाच्या पेटीत जाते, अन् घरातला पोरगा शिक्षणासाठी नाहीतर नोकरीसाठी बाहेर निघाला का आई ते त्याच्या बॅगेत कोंबते, "पाहून पाहून करजो" म्हणते. पोरगा करतोही. पण लिहिल्यासारखं होत नाही, वरण कच्चं राहते, रस्सा तोंडात घालवत नाही इतका तिखट होतो, मग पुस्तकच बेकार आहे म्हणून ते बाजूला पडते अन् उरलेला महिना मॅगी नाहीतर डबा.

पुस्तक बहुतेक वेळा बरोबर असते. फक्त ते लिहिणारीच्या घरचा गॅस, तिच्या गावचं पाणी, तिच्या दुकानातलं तिखट अन् तिची वाटी धरून लिहिलेलं राहते, अन् आपल्याकडं यातलं एकही तसंच्या तसं नसते. म्हणून पुस्तकातून दोन गोष्टी घ्यायच्या, काय कशाच्या आधी टाकायचं तो क्रम, अन् झालं हे कशावरून ओळखायचं त्या खुणा. मिनिटं, शिट्ट्या अन् चमचे आपल्या घरी ठरवायचे. ते कसे ठरवायचे तेच सविस्तर लिहून राहिलो, गावात बदली होऊन आलेले मास्तर, ग्रामसेवक, सिस्टर, एकटे राहणारे पोरं अन् बायको माहेरी गेली का उपाशी बसणारे भाऊ, सगळ्यांसाठी.

रेसिपी आदल्या दिवशी वाचायची

गॅस पेटवून, एका हातात सराटा, म्हणजे उलथनं, घेऊन पुस्तक वाचायला गेलं का कांदा जळतोच. आदल्या रात्री निवांत बसून पूर्ण वाचा, अन् साहित्याच्या यादीतले लपलेले तास शोधा. "भिजवलेले चने", "वाटलेलं खोबरं", "उकडलेले आलू", "घोटलेलं दही", हे शब्द यादीत साधे दिसतात पण प्रत्येकामागं अर्ध्या तासापासून रात्रभरापर्यंतचं काम राहते. खाली "वेळ २० मिनिटं" लिहिलेलं असते ते हे सगळं झाल्यानंतरचं. पेन्सिलीनं अशा शब्दांखाली रेघ मारा, ती कामं आधी.

दुसरं म्हणजे कृतीचे तुकडे पाडा. कोणतीही रेसिपी चार-पाच तुकड्यांतच असते, आधी शिजवून ठेवायचं काय, वाटायचं काय, फोडणीत काय, फोडणीनंतर काय, अन् उतरवताना वरून काय. तेवढं एका चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावा. पुस्तक स्वयंपाकाच्या जागेपासून दूरच राहू द्या, हळदीच्या हातानं पानं एकमेकांना चिकटतात ते वेगळं.

वाटण असलं तर ते सकाळीच करून ठेवायचं, काहून का संध्याकाळी नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला लाईन जाते. नसली लाईन तर पाटा-वरवंटा आहेच, वाटण पाट्यावरचं चांगलंच लागते, पण नवशिक्याला त्यात अर्धा तास जातो हे धरून चाला.

वाटी, चमचा, पाव

पुस्तकात कप, टीस्पून, टेबलस्पून लिहिलेलं राहते. टीस्पून म्हणजे ५ मिली, टेबलस्पून म्हणजे १५ मिली, कप साधारण २४० मिली. आपल्या घरी यातलं काहीच नसते, चहाचा चमचा राहतो, पोह्याचा राहतो, अन् तीन मापाच्या पाच वाट्या. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते प्लास्टिकचं झाकण येते ना, ज्याच्यावर ५, १०, १५ मिलीच्या खुणा असतात, ते धुऊन ठेवा. त्यानं पाणी मोजून आपले चमचे भरून पाहा, कोणत्या चमच्यात ५ मावते, कोणत्यात १० मावते ते कळते. वाटीसाठी लीटरची पाण्याची बाटली घ्या, एक वाटी ठरवा अन् पूर्ण बाटलीत किती वाट्या होतात ते मोजा. सहा-साडेसहा झाल्या तर तुमची वाटी दीडशे मिलीच्या आसपास, म्हणजे पुस्तकातला एक कप म्हणजे तुमची दीड वाटी अन् वर थोडं. हे एकदाच करायचं, पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं, अन् ती वाटी, तो चमचा मसाल्याच्या डब्याजवळच ठेवायचा, पाहुण्यांना चटणी वाढायला नेऊ द्यायचा नाही.

वजनाचं म्हणाल तर एक कप तांदूळ साधारण २०० ग्रॅम, साखरही तेवढीच, पण कणीक १२० ते १३० ग्रॅम अन् बेसन त्याहून कमी भरते. म्हणून पीठ अन् तांदूळ एकाच हिशोबानं धरायचे नाहीत. शंका आली तर किराणावाल्याकडं आपली वाटी घेऊन जा, तो हसेल पण मोजून देते.

"चवीपुरतं मीठ" यानं सगळे नवशिके अडतात, चव माहीतच नसते तर चवीपुरतं कसं टाकाल. सुरुवातीला हे धरा: चार माणसांच्या भाजीला सपाट एक टीस्पून, एक कप तांदळाला सपाट एक टीस्पून, दोन कप कणकेला अर्धा. मग खाऊन पाहून पुढच्या वेळी कमी-जास्त. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडं पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहत असाल अन् स्वयंपाकाला विहिरीचं, बोअरचं पाणी वापरत असाल तर याच्याही निम्म्यानं सुरू करा, पाण्यातच मीठ आहे बाप्पा.

आच

पुस्तकातला "मध्यम आचेवर ५ मिनिटं" हा शहरातल्या गॅसचा हिशोब, अन् कांद्याच्या बाबतीत तर तो शहरातही खोटाच. दोन मोठे कांदे बारीक चिरून तपकिरी व्हायला मध्यम गॅसवर १५ ते २० मिनिटं लागतात, पाच मिनिटांत ते फक्त मऊ पडतात. म्हणून मिनिटाकडं पाहायचं नाही, रंगाकडं पाहायचं. आधी पारदर्शक होतात, मग कडा पिवळ्या होतात, मग सगळीकडून बदामी, मग तपकिरी अन् गोडसर वास. पंजाबी टाईपच्या रश्श्याला तपकिरी लागतो, आपल्या साध्या भाजीला बदामी पुरतो.

चुलीवर करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळायची, जळण कोणतं आहे ते. पऱ्हाट्या अन् तुराट्या, म्हणजे कपाशीची अन् तुरीची वाळलेली झाडं, भडकन पेटतात अन् भडकन विझतात, पाणी उकळायला, भाकर फुगवायला मस्त, पण त्याच्यावर मसाला भाजायला घेतला तर हात हलवायच्या आत काळा होतो. मसाल्याला, कांद्याला बाभळीचं लाकूड नाहीतर नुसता आर, म्हणजे निखारे, पाहिजे. "गॅस बारीक करा" असं लिहिलं असलं का लाकडं मागं ओढायची, आर पुढं घ्यायचा. "झाकण ठेवून मंद आचेवर" असलं तर गंज, म्हणजे पातेलं, आरावर ठेवून झाकणात पाणी टाका, खालून लागत नाही अन् भाजीला पाणी कमी पडलं तर तेच गरम पाणी कामी येते.

कुकरच्या शिट्ट्यांवर माझा विश्वास नाही. तीन लीटरच्या कुकरची शिट्टी पटकन होते, पाच लीटरच्या अर्ध्या भरलेल्या कुकरची उशिरा होते, शिट्टी घट्ट बसली का सैल त्यावरही फरक पडतो. त्यापेक्षा पहिली शिट्टी झाली का गॅस अगदी बारीक करायचा अन् घड्याळ पाहायचं. अर्धा तास भिजवलेली तुरीची डाळ ८ ते १० मिनिटं, भात ५ मिनिटं, रात्रभर भिजवलेले काबुली चने २५ मिनिटं. मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची, झाकणाशी झटापट करायची नाही. डाळी-कडधान्याला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, फेस येऊन शिट्टीचं भोक बुजते, त्यासाठी चमचाभर तेल आत टाकलं का फेस कमी येतो.

डाळ शिजत नाही ही गावची सगळ्यात मोठी तक्रार. याची कारणं ठरलेली आहेत. बोअरचं जड पाणी, त्यातल्या कॅल्शियममुळं डाळीचं साल अन् गर नरम पडत नाही. डाळ जुनी. नाहीतर चिंच, टमाटर, आंबट आधीच टाकलं, आंबटात कडधान्य शिजायला नाही म्हणते. जड पाणी असलं तर शिजवायला तरी प्यायचं जारचं पाणी घ्या, नाहीतर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाका अन् ते पाणी फेकून द्या. आंबट मात्र नेहमी डाळ पूर्ण शिजल्यावरच.

राजम्याबद्दल एक वेगळं सांगून ठेवतो, हे चवीचं नाही, तब्येतीचं आहे. राजमा कच्चा राहिला तर उलट्या होतात, त्यात एक विषारी घटक राहतो तो खदखद उकळल्यावरच मरतो. रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं, नवीन पाण्यात कुकरला पूर्ण शिजवायचा. मंद आरावर नुसता गरम करत ठेवलेला अर्धवट राजमा खायचा नाही.

पुस्तकातला माल अन् बाजारातला माल

आता आठवडी बाजारात काय भेटते त्यावर येऊ. पुस्तकात बासमती लिहिलं असते. आपल्याकडं पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सगळा धानाचा पट्टा, त्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात वेगळ्या लोंब्या हेरून काढलेला एचएमटी तांदूळ घराघरात आहे, पुलावाला तोच घ्या, दाणा बारीक अन् मोकळा होतो. फक्त नवा तांदूळ असला तर पाणी कमी, एकास पावणेदोन, अन् वर्षभर जुना असला तर एकास दोन, वर थोडं. पुस्तकवाले हे सांगत नाहीत अन् दिवाळीनंतर नव्या धानाचा भात केला का त्याचा लगदा होतो.

तिखटाचं लक्षात ठेवाच. पुस्तकातलं "२ टेबलस्पून लाल तिखट" बहुतेक वेळा काश्मिरी मिरचीचं राहते, ती रंगाला असते, झोंबत नाही. आपल्या घरी वर्षाचं कुटलेलं तिखट, त्यात भिवापुरी मिरची असली तर विचारूच नका, तिला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही. पुस्तकात लिहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं सुरू करा. मग रंग फिका दिसला तर तिखट वाढवायचं नाही, एक टमाटर वाढवा. वायगावची हळद असली तर तीही निम्मी पुरते, जास्त झाली का भाजी कडू लागते.

गोडा मसाला लिहिला असला तर घाबरायचं काम नाही. घरचा काळा मसाला लिहिल्याच्या निम्मा घ्या, त्यात भाजलेल्या तिळाची पूड अन् भाजलेलं खोबरं चमचा चमचा मिळवा, वरून चिमटीभर गूळ, चव बऱ्यापैकी जवळ जाते. ओला नारळ नसला तर सुकं खोबरं किसून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचं. काजूची पेस्ट लिहिली असली तर भाजलेले फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, साल काढून बारीक वाटायचे, किंवा खसखस. रंग जरा वेगळा होतो, बाकी काही बिघडत नाही. पनीर तालुक्याला जाऊन आणण्यापेक्षा एक लीटर दूध उकळायचं, गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं, एका लिंबाचा रस थोडा थोडा टाकायचा, हिरवट पाणी वेगळं झालं का कपड्यात बांधून त्यावर वरवंटा ठेवायचा. गाईच्या दुधाचं पाव किलोच्या आत भरते, म्हशीचं जास्त. ते पाणी फेकू नका, कणीक मळायला घ्या.

क्रीम, केवडा, कसुरी मेथी, यातलं नसलं तर सोडून द्या. क्रीमऐवजी घोटलेली साय. कसुरी मेथी तर हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली का घरीच सावलीत वाळवायची, पिशवीभर होते.

कोणत्या क्रमानं शिकायचं

पुस्तक पहिल्या पानापासून करायला घेऊ नका, पहिल्या पानावर सूप राहते नाहीतर सरबत. अन् फोटो पाहून तर मुळीच नाही.

आधी वरण-भात. यात कुकर, पाणी अन् मीठ हाती बसते. रोज तेच केलं तरी चालते, आपल्याकडं कोणी नाव ठेवत नाही. मग त्याच वरणाला फोडणी. तेल तापलं का मोहरीचे दोन दाणे टाकून पाहायचे, तडतडले तर बाकीची मोहरी, ती थांबली का जिरं, मग लसूण, तो कडेनं लाल झाला का हिंग, गॅस बंद, अन् सगळ्यात शेवटी हळद-तिखट, लगेच वरणात. तिखट गरम तेलात दोन-तीन सेकंदांत जळते, म्हणून ते बंद गॅसवर. ही एक फोडणी जमली का पुस्तकातल्या अर्ध्या पानांची भीती जाते.

त्यानंतर पातळ बेसन. बेसन थंड पाण्यात कालवायचं, गुठळ्या हातानं मोडायच्या, मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. मग कढी. कढी फाटते म्हणून लोक सोडून देतात, पण ताकात बेसन नीट घोटून घेतलं, पहिली उकळी येईपर्यंत हलवणं थांबवलं नाही अन् मीठ उकळीनंतर टाकलं तर फाटत नाही. कढी जमली का गोळ्याची कढी, त्यात भिजवून भरड वाटलेल्या तुरीच्या डाळीचे गोळे उकळत्या कढीत सोडायचे, आधी एकच सोडून पाहायचा, फुटला तर वाटणात चमचाभर बेसन मिळवायचं.

पोळी अन् भाकर पुस्तकावरून येत नाही. स्पष्ट सांगतो. पुस्तकात प्रमाण भेटते, कणीक किती मऊ ते बोटालाच कळते. शेजारच्या काकूंकडं, वहिनीकडं चार दिवस बसा, त्यांची मळलेली कणीक दाबून पाहा. चक्कीवरचं लोकवन गव्हाचं जाडसर पीठ पाकिटाच्या पिठापेक्षा जास्त पाणी पिते, म्हणून मळून किमान २० मिनिटं झाकून ठेवायची. ज्वारीचं पीठ जुनं झालं का त्याचा चिकटपणा जातो अन् भाकर थापताना फाटते, तेव्हा पीठ पंधरा दिवसांचंच दळून आणा, अन् मळायला गरम पाणी.

एक पूर्ण उदाहरण: छोले

हे मुद्दाम घेतलं, कारण यात भिजवणं, शिजवणं, कांदा, मसाला, आंबट सगळं एकाच ठिकाणी येते. चार माणसांसाठी, वरच्या हिशोबातला एक कप काबुली चना, म्हणजे साधारण २०० ग्रॅम.

रात्री चने धुऊन तिप्पट पाण्यात भिजवा, फुगून दुपटीच्या वर होतात तेव्हा गंज मोठा घ्या. सकाळी पाणी फेका, नवीन तीन कप पाणी, एक टीस्पून मीठ, एक तेजपान, कुकरला लावा. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर २५ मिनिटं. उघडल्यावर एक चना दोन बोटांत दाबायचा, लोण्यासारखा दबला तर झाला, मधात कडक लागला तर आणखी १० मिनिटं. यात कंटाळा करू नका, मसाल्यात गेल्यावर चना नरम होत नाही. शिजलेलं पाणी ठेवा, रस्सा त्याचाच.

कढईत तीन टेबलस्पून तेल, फल्लीचं असलं तर उत्तमच. त्यात जिरं, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. दोन मोठे कांदे बारीक चिरून, थोडं मीठ टाकून, तपकिरी होईपर्यंत. बुडाला लागायला लागले तर चमचाभर पाणी टाकून खरवडून घ्यायचं, ते लागलेलंच चवीचं असते. मग अद्रक-लसणाची पेस्ट एक टेबलस्पून, कच्चा वास जाईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं. आता तीन टमाटर बारीक चिरून, अर्धा टीस्पून हळद, दोन टीस्पून धन्याची पूड, घरचं तिखट अर्धा टीस्पून. टमाटरचं पाणी सुटलेलं असते म्हणून मसाला जळत नाही, याच वेळी सुका मसाला टाकायचं कारण तेच.

पुढं "तेल सुटेपर्यंत परता" लिहिलेलं राहते. म्हणजे काय, तर आधी मसाला पाणीदार राहतो अन् बुडबुडे मोठे, उडणारे राहतात. मग तो घट्ट होऊन सराट्याबरोबर गोळा फिरायला लागतो, कढईच्या कडेनं तेलाची चकाकी दिसते अन् आवाज बदलतो, फदफद थांबून चुरचुर येते. याला ८ ते १० मिनिटं लागतात. इथं घाई केली तर रस्सा कच्चा लागतो, वरून कितीही गरम मसाला टाका.

मग चने अन् त्यांचं पाणी. मूठभर चने सराट्यानं कढईच्या कडेला चेचा, रस्सा दाट होतो, मैदा-कॉर्नफ्लोअर काही लागत नाही. बारीक आचेवर १५ मिनिटं. शेवटी आमचूर, घरी कैरीच्या वाळवलेल्या फोडी असतील तर त्यातल्याच दोन कुटून, गरम मसाला अर्धा टीस्पून, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून. मीठ आता चाखून पाहा, आधी चन्यात अन् कांद्यात गेलेलं आहे. लोखंडी कढई असली तर जेवणाआधीच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, टमाटर-आमचूर लोखंडात राहिलं का काळं पडते अन् तोंडाला लोखंड लागते.

आता पुस्तकात शेरा. तारीख लिहायची गरज नाही, "तिखट अर्धा बरोबर, कुकर ३० मि., बोअरचं पाणी" एवढंच. असे शेरे जमले का ते पुस्तक तुमचं झालं.

जी भाजी पुस्तकात नाही तिचं काय

ढेमसं, पोपटाच्या शेंगा, चिवळ, तरोटा, आंबाडी, हे पुण्या-मुंबईच्या पुस्तकात शोधून भेटत नाही. पण पुस्तक भाजीच्या नावानं वाचायचं सोडून पद्धतीच्या नावानं वाचलं तर काम होते. पाणीदार फळभाजी, म्हणजे ढेमसं अन् कोहळं, यांना पुस्तकातलं दुधीच्या भाजीचं पान उघडा, पाणी टाकायचं नाही, झाकण ठेवून स्वतःच्या पाण्यात शिजू द्यायचं. ढेमसं कोवळं असलं तर साल काढू नका, बी कडक झालेलं असलं तर तेवढं काढा. शेंगभाजी, बरबटी, पोपट, यांना फरसबीचं पान, पण पोपटाला वाफ जास्त लागते अन् फल्लीकूट घातल्याशिवाय मजा नाही. छोटी वांगी तर कोणत्याही भरल्या भाजीच्या पानावर बसतात.

पालेभाज्यांत पाणी अन् आंबटपणा पाहायचा. चिवळ उन्हाळ्यात येते, बारीक पानांत माती राहते, चार पाण्यानं धुवा, तिला मुगाची डाळ घातलेल्या पालकाच्या भाजीचं पान चालते. तरोटा पावसाच्या सुरुवातीला, कोवळी पानंच तोडायची, उकळून पाणी फेकायचं, मग कांदा-लसणावर परतायचा. आंबाडी मात्र आंबट, तिच्याबरोबर डाळ शिजवायला घेतली तर डाळ तशीच राहते, वर सांगितलंच आहे. तुरीची डाळ अन् ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवायच्या, आंबाडी वेगळी उकळून पिळायची, मग सगळं एकत्र घोटून फल्लीदाणे टाकायचे, अन् वरून लसणाची कडकडीत फोडणी भाकरीवर घ्यायला वेगळी. याच्यापुढं पुस्तकातलं पालक पनीर मला तरी फिकं वाटते.

ऊन अन् थंडी

इडलीच्या पिठाला पुस्तकात ८ ते १० तास लिहिलेलं राहते. मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्री असते, चार-पाच तासांत पीठ गंजाबाहेर येते अन् आंबट होते. सकाळी वाटलं तर दुपारी पाहाच. डिसेंबरात उलटं, रात्रभर ठेवूनही हलत नाही, तेव्हा पिठाचा गंज गव्हाच्या कोठीत नाहीतर विझलेल्या चुलीजवळ गोधडीत गुंडाळून ठेवा, बारा-पंधरा तास द्या. वेळ पाहायचीच नाही, पीठ दीडपट झालं अन् वर जाळी दिसली का झालं. दह्याचं, भिजवलेल्या चन्याचंही तसंच. उन्हाळ्यात चने सहा तासांच्या वर भिजवायचे तर मधात पाणी बदला, फेस अन् वास आला तर फेकून द्या. शिजवलेलं वरण मे महिन्यात सकाळचं संध्याकाळी ठेवायचं असलं तर दुपारी एकदा खदखदून उकळायचं, फ्रिज असला तर प्रश्नच नाही, पण लाईनचा भरवसा धरून फ्रिज मोजू नका.

पाहुणे आले तर

चार माणसांची रेसिपी वीस माणसांना करायची म्हणजे सगळं पाचपट, असं पुस्तक पाहून लोक करतात अन् फसतात. धान्य, भाजी, डाळ पाचपट बरोबर. मीठ चारपटच टाका, उरलेलं चाखून. लवंग, दालचिनी, वेलदोडा यांना तीनपट पुरते, नाहीतर रस्सा औषधासारखा लागतो. तिखट अडीच-तीनपट, गावातले तिखट खाणारे बाजूला ठेचा घेतात. तेलही तीनपट. पाणी कमी, कारण मोठ्या गंजातून वाफ त्या मानानं कमी जाते. कांदा एकदम टाकायचा नाही, दोन किलो कांदा एका कढईत टाकला तर तो परतला न जाता उकडतो, तीन हप्त्यांत परता.

वीस माणसांना वरण-भात करायचा तर तांदूळ दोन ते अडीच किलो, तुरीची डाळ एक किलो. घरचा कुकर इथं विसरा. मोठा गंज घेऊन पाणी भरपूर उकळा, मीठ टाका, धुतलेले तांदूळ सोडा, दाणा बोटानं दाबला का मधात बारीकसा कडक राहिला पाहिजे, तेव्हाच कापड बांधून पेज काढून घ्या. गंज आरावर ठेवा, झाकणावर दोन निखारे, अन् १५ मिनिटं मुरू द्या. पेज मीठ टाकून पोरांना द्या, नाहीतर वरण जास्त घट्ट झालं तर त्यात टाका.